जुना भाव

विजेच्या बिलाची पाठ कोरी असते.
तिच्यावर मेदिनीने पट्टी न लावता उभी रेघ ओढली.
डावीकडे ऐरोली. उजवीकडे विशाखापट्टणम,
नाव रकान्यात मावेना, म्हणून नुसतं 'वि.'

कंपनी चाललीय. रबाळ्याची शेड विकली.
आधी रिअ‍ॅक्टर जातील, मागून माणसं,
सही करा किंवा हिशेब घ्या, शुक्रवारपर्यंत.
एकवीस वर्षं मी रंग बनवला, बहुतेक निळा.
नखांच्या कडांना अजून आहे.

भाडं : सव्वीस हजार. वि. : चौदा, आणि एक खोली जास्त.
मेंटेनन्स तिकडे घेत नाहीत म्हणे.
पाणी टँकरचं का, विचारायचं राहिलं.
ओजूची शाळा इथे एवढी, तिथे एवढी,
अधिक तेलुगू. ती कितीला पडेल?

सुरमई इथे नऊशे. तिथे तर समुद्रच दारात,
मेदिनीने लिहिलं 'स्वस्त?'
आणि प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलं.
पण दिवा गावातली धर्मीबाई
शेपटीचा तुकडा वर टाकते, 'ने रं पोरीला' म्हणत.
तो कुठल्या ओळीत धरायचा
यावरून आमचं जरा वाजलं.

सामान मोजायला आलेला पोरगा घनफुटांत बोलतो.
कपाट, फ्रिज, मिक्सर, हलत्या पायाचं टेबल,
सगळं त्याने एका नजरेत लोखंडी पेटीत बसवलं.
गॅलरीतल्या कढीपत्त्यापाशी थांबला.
झाडांचा विमा होत नाही, काका.

मग आठवलं, चौथ्या मजल्यावरचे सूर्यराव तिकडचेच.
बिल घेऊन वर गेलो.
रावांनी चष्मा शोधला, पेन मागितलं,
आणि कुठेही न अडता उजवा रकाना भरत सुटले :
तांदूळ चार रुपये.
वांगी दीड.
जगदांबापासून बीचपर्यंत रिक्षा, पाच, घासाघीस केली तर.
अल्लीपुरमला दोन खोल्या, नळासकट, अडीचशे.

राव, हे कधीचे?

अठ्ठ्याऐंशीचे, ते म्हणाले, पेनाला टोपण लावत.
दोन वर्षांसाठी आलो होतो हो.
तेव्हा इथे खाडीवर पूलसुद्धा नव्हता.
नंतर जात राहिलो, लग्नांना, मग बाराव्यांना.
पाहुण्याला भाव कोण सांगतं?

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला,
घरमालकाला तीनशेच्या वर देऊ नका.

खाली आलो. मेदिनीने आकडे वाचले,
पुन्हा वाचले.
हसली नाही. खोडलेही नाहीत.
या हिशेबाने आपण श्रीमंत आहोत, एवढंच म्हणाली
आणि कुकर लावायला उठली.

शुक्रवारी सही केली.
कढीपत्त्याची कुंडी रावांकडे पोचवली.
राववहिनींनी एक पान चुरडून हुंगलं
आणि मला हवं ते बोलल्या नाहीत.

बिल मात्र माझ्या पाकिटात आहे.
रात्री उघडतो, तर उजव्या रकान्याकडे नजर जात नाही.
डावा पाठ होत चाललाय.
वेलची केळी साठ. इस्त्री सहा रुपये कपडा.
सेक्टर आठहून स्टेशन, शेअर रिक्षा, वीस.

कधीतरी, 'वि.'मधल्या कुठल्याशा जिन्यावर,
एखादा मुलगा कागद घेऊन येईल.
काका, ऐरोलीला बदली झालीय. तिकडचे भाव काय?
मी चष्मा शोधेन, पेन मागेन,
आणि शपथेवर लिहावं तसं लिहीन,
सुरमई नऊशे.

शेपटीचे पैसे देऊ नकोस.