नावाआधीचं टिंब

ड्यूटीचा तक्ता मला माझ्या आधीच्या चीफने दिला,
त्याला त्याच्या आधीच्याने.
एक पेन ड्राइव्ह, त्यावर पिवळी पट्टी: सर्जरी, देगू.
आत बारा नावं, एकतीस चौकोन,
आणि काही नावांच्या आधी एक बारीक टिंब.

मी विचारलं नाही.
मार्च होता, अपेंडिक्सची रांग लागली होती,
आणि वारशात आलेल्या गोष्टींना
कोण विचारतं, तुमचं इथे काम काय म्हणून.
नवीन नाव आलं की वरच्या ओळीत पाहून करत गेलो.
प्यॉन सो-ही: टिंब.
मो युन-सल: टिंब.
साक दोंग-उक: नाही.

लिहायची, पण उच्चारायची नाहीत
अशी काही टिंबं असतात.

सो-हीने ऑक्टोबरात सांगितलं, लिफ्टमध्ये,
उतरत्या आकड्यांकडे बघत:
चौदा आठवडे.
कायदा म्हणतो, तिला रात्रपाळी नको.
ती रात्र कुणी उचलायची, हे कायदा म्हणत नाही.
रात्र रद्द होत नसते,
तिचे तुकडे होऊन ते दुसऱ्यांच्या चौकोनांत पडतात.
पंचवीस रात्री, अकरा माणसं.
भाग दिला, बाकी उरली तीन.
ती युन-सलला दिली.
एकटीच राहते, घरी वाट बघणारं कुणी नाही, असं मला वाटलं.
वाटलं, म्हणजे विचारलं नाही.

दोंग-उक जेवताना म्हणाला, पोट तिचं, पाठ माझी.
सगळे हसले. सो-हीही हसली,
आणि उरलेला अर्धा किंबाप तिने परत कागदात गुंडाळला.
त्याच पहाटे दोंग-उक एक्स-रेच्या भिंतीला टेकून
उभ्या उभ्या झोपलेला दिसला,
तोंड उघडं, शाळेच्या बसमधल्या पोरासारखं.
त्याची पाठ खोटी आहे, असं तरी कसं म्हणू.

डिसेंबरात नव्या निवडीच्या मुलाखती.
प्रोफेसर मांगनी चष्मा कपाळावर चढवला,
माझा तक्ता डोळ्यांजवळ धरून मोजलं, ओठ हलवत.
"टिंबवाल्या तीन?"
"हो."
"पुरे."
बाहेर बाकावर एक मुलगी बसली होती,
मांडीवर फाइल, केस घट्ट बांधलेले,
बुटांखाली वितळलेल्या बर्फाचं थारोळं.
तिचे मार्क सगळ्यांत जास्त होते. मी पाहिले होते.
दार उघडून मी तिचं नाव पुकारलं, स्वच्छ, अदबीनं,
जणू आत अजून काही ठरायचं बाकी आहे.

त्या रात्री टिंबं पुसायला बसलो.
दोन वाजता युन-सल आली, हातांना सॅनिटायझरचा वास.
चार नंबरच्या आजोबांनी तिला पुन्हा 'सिस्टर' म्हटलं होतं,
आणि तिच्यामागे ट्रे धरून उभ्या असलेल्या इंटर्नला 'डॉक्टरसाहेब'.
स्क्रीनकडे पाहून म्हणाली,
"पुसताय? आम्हाला पहिल्या वर्षापासून माहीत आहे.
टिंब नसलं तरी त्यांना नावं वाचता येतात."

मग खुर्ची ओढली,
माझ्या हातातला माउस घेतला,
आणि बाण शनिवारच्या रात्रीवर नेऊन ठेवला,
तिच्या सलग चौथ्या.
"हे हलवा," म्हणाली. "टिंब राहू दे."