सातऱ्यावर राक्षस

दुर्पता म्हणते, राक्षसाला माणसाचा वास येतो
ही गोष्ट आता जुनी झाली.
इथं येऊन दाखव म्हणा त्याला,
भिवापूरच्या अलीकडे, डांबरीच्या कडेला,
जिथं दोन एकर नुसती लाल मिरची पसरलीय
आणि आम्ही चाळीस जणी तोंडाला फडकं बांधून
देठ तोडत बसलोय फेब्रुवारीच्या उन्हात.
माणूसघाण, माणूसघाण, म्हणायला तोंड उघडेल
आणि शिंकत सुटेल मुडदा
पार वैनगंगेच्या पुलापर्यंत.

मी काट्यावर बसते. बारावी झाली, म्हणून वही माझ्याकडे.
डाव्या पानावर नाव आणि किलो.
उजवं पान कोरं असतं,
तर त्याच्यावर हे.

सकाळी पहिला तासभर कोणी बोलत नाही.
मग कोणीतरी टाकते, एक होता राजा.
"त्याले काय झालं?"
"त्याले काय होते? त्याच्या पोरीले झालं."
राक्षसानं उशाची काडी पायथ्याला ठेवली,
पायथ्याची उशाला,
आणि राजकन्या निजली मेल्यासारखी, सात माळे वर.
आता राजपुत्र यायचा.
घोड्यावरून यायचा, त्याला वेळ लागतो.
यशोधरा मेश्राम थांबली नाही त्याच्यासाठी.
म्हणाली, वारा फिरला,
सातऱ्यावरचा खकाणा गेला वर, खिडकीतून आत,
आणि राजकन्येला आली शिंक.
काड्या उडाल्या दोन्हीकडे.
उठली, नाक पुसलं जरीच्या पदराला,
खाली येऊन विचारलं,
"किलोमागं काय देता वं?"

त्या दिवशी हसून हसून कोणाचंच वजन भरलं नाही.
वही साक्षीला आहे.

जिवाचा प्रश्न मात्र सुटत नव्हता.
सात समुद्र आमच्यातल्या कोणीच पाहिले नाहीत.
इंदुकलाचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं,
ती म्हणते, एक तेवढा मोजा.
आणि पोपट तर इथंच येतात, थव्यानं,
मिरची खातात, त्यांना तिखट लागत नाही.
"तर समजा," इंदुकला म्हणाली, हात न थांबवता,
"ज्याच्यात राक्षसाचा जीव, त्याच पोपटानं मिरची खाल्ली,
अन् उडता उडता शिटला कोणाच्या तरी धुऱ्यावर.
मंग?
मंग तिथं झाड.
झाडाले मिरची.
अन् जीव बसला देठात."

चाळीस जणींनी आपापल्या हातातला देठ पाहिला.
देठ मोडताना आवाज होतो, बारीक,
इतके दिवस मी ऐकलाच नव्हता.

घरी गेल्यावर लेकरांच्या गालाला हात लावता येत नाही.
ताकात बुडवले तरी बोटं जळत राहतात.
म्हणून दुरूनच, खाटेच्या त्या टोकावरून,
पोरांना गोष्ट सांगतात सगळ्या,
आणि सकाळी पोरांनी मोडून-जोडून दिलेली
परत घेऊन येतात.
काल यशोधराच्या धाकट्यानं विचारलं,
राक्षसाला माहीत आहे का, त्याचा जीव कुठे आहे ते?
यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.
जेवणाची सुट्टी तशीच गेली.

संध्याकाळी देठांचा ढीग झाडून काढतात, गुडघ्याएवढा.
कोणी विचारतं, "मेला का वं?"
कोण, ते विचारायचं नसतं.
एकीचा मोटरसायकलवर येतो.
एकीचा आरशात असतो, असं ती म्हणाली, मग म्हणाली, जाऊ दे.
दुर्पतानं आपला सांगितला नाही.
शेवटचा देठ तिनं दातांनी तोडला.
असं कोणी करत नाही. ओठ सुजला दोन दिवस.

पुनाजी ट्रक लावतो, पोती मोजतो, बिडी विझवतो.
"कितीही तोडा," तो म्हणतो,
"पोत्यात एखादा देठ रायतेच."
गाडी नागपूरला जाते. तिथून कुठं, त्यालाही माहीत नाही.

मी डाव्या पानावर लिहिलं:
दुर्पता भोयर, एकतीस किलो.
उजव्या पानावर:
पोतं नंबर एक्केचाळीस, चढवताना हललं.