बदाम

शनिवारी पाळी सुटायच्या आधी
पॅकिंग खात्यात खुर्च्या मांडल्या.
एका बाईंनी पिशवीतून मेंदू काढला,
प्लास्टिकचा, गुलाबी,
सीताफळासारखा दोन हातांनी उघडला.
आम्ही बावीस जण. कानांत अजून माग चालू.
अर्धं ऐकलं, अर्धं ओठांवरून वाचलं,
एवढ्या वर्षांत तेवढी विद्या आलीच आहे.

बाई म्हणाल्या, इथे खोल, कानाच्या रेषेत,
बदामाएवढा एक पहारेकरी बसतो.
कोणी ओरडलं की तो घंटा वाजवतो.
घंटा वाजली की कपाळामागचा शहाणा माणूस
गुपचूप उठून बाहेर जातो.
भूमय्या मागून म्हणाला,
"आमचा शहाणा कवाच सुरतला गेला बे."
सगळे हसले. बाईही हसल्या.
मी नाही.
उरलेल्या एकवीस जणांच्या डोक्यातली ती घंटा
अठरा वर्षं मीच तर वाजवत होतो.

मी अंबादास चिलवेरी, फोरमन,
अक्कलकोट रोड एमआयडीसी.
माझा आवाज साठ मागांच्या वर जातो
याचा मला अभिमान होता.

शेवटी कागद वाटले. तीन चेहरे छापलेले,
हसरा, मधला, रडका. एकावर खूण करा.
भूमय्यानं विचारलं, यात पंख्याचं कुठं लिहायचं?
तीन नंबरचा पंखा मार्चपासून बंद हाय.
बाईंनी कागदाच्या पाठीवर लिहून घेतलं: पंखा.
पुढच्या आठवड्यात सूचना लागली,
रोज अकरा वाजता दोन मिनिटं दीर्घ श्वास.
माग चालूच.
श्वासाबरोबर सुताचा भुगाही खोल गेला.
पंखा तसाच.

मंगळवारी रात्रपाळीत इरण्णाच्या सात नंबरवर
चाळीस टॉवेलांची किनार गेली. बाहेरदेशीचा माल.
मी निघालो. पायांना वाट पाठ, जिभेला शिव्या.
छातीतून काहीतरी गरम वर चढत होतं
आणि पहिल्यांदाच
मला ते चढताना दिसलं.
बदाम, मी मनात म्हणालो.
एवढंच. श्वासबिस काही घेतला नाही.

तेवढ्यात पाच नंबरवर धागा तुटला.
ड्रॉपर पडला, माग उभा राहिला.
हजारांतला एक तुटला तरी
लोखंडाला कळतं, थांबायचं.
वडील सांगायचे, गाठ मारायचीय ना,
मग आधी दोन्ही टोकं सैल सोड.
सुताबद्दलच सांगायचे ते.
मीही सुतापुरतंच ऐकलं.

इरण्णा मला पाहून आधीच खांदे आखडून उभा.
त्याच्या कानाशी वाकलो. काय बोलावं सुचेना.
त्याच्या कानडीतलं मला एकच वाक्य येतं:
"ऊटा आतेनु?"
जेवलास का.
तो बघतच राहिला. मग बोटं दाखवली, तीन.
तीन रात्री. झोप नाही.
पोरगी सिव्हिलमध्ये, ताप उतरत नाही.
मी गाठोड्यांकडे हात केला. जा, आडवा हो.
सात नंबर पहाटेपर्यंत मी चालवला.
हात विसरले नव्हते. पाठ विसरली होती.

चाळीस टॉवेलांचं शेठला काय सांगितलं, ते सोडा.
आणि मी सुधारलो असं कोणी समजू नये.
गुरुवारी भूमय्यावर ओरडलोच,
पंख्यावरूनच.
मग रविवारी शिडी लावून स्वतः उतरवला,
कंडेन्सर गेला होता, साठ रुपयांचा.
साठ रुपये. मार्चपासून.

घरी थोरल्याशी अजून जमत नाही.
तो खोलीचं दार लावून घेतो.
दारातून ओठ वाचता येत नाहीत.
काल रात्री त्याचं ताट झाकलेलंच दिसलं.
मी उंबऱ्याशी उभा राहिलो, आवाज खाली आणला,
इतका खाली की मलाच नीट ऐकू येईना,
आणि आमच्या तेलुगूत विचारलं,
"तिन्नावा?"
आत काहीतरी हललं.
किंवा माझ्याच कानातला माग असेल.
मी अजून थोडा वेळ थांबलो.