अंगठा

हात धुतलेस? तरी नको.
धुतलेल्या हातालाही तेल असतं, हर्षद,
आपल्याला दिसत नाही, काचेला कळतं.
रुमाल घे. तो नाही, तो खिशातला आहे.
खणातला पांढरा. हां.
आता दोन्ही टोकांना धर, अलगद,
आणि बोलू नकोस.

प्लग काढलास ना? बटण नव्हे, प्लग.
बटणावर भालेराव सरांचा विश्वास नव्हता.
शरणपूरचे. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे
आणि सोमवारी शिडीवरून ओरडायचे,
"देवावर ठेव गं, बटणावर नको!"

लॅम रोडवरचा हा स्टुडिओ तेव्हा
जवानांच्या फोटोंवर चालायचा.
निफाडचा पारा चारवर उतरला की
कॅम्पातली नवी पोरं, ताजे कापलेले केस, लाल कान,
टोपी सरळ करायच्या निमित्तानं
हजार वॉटसमोर तळवे धरायची.
सर शेकू द्यायचे.
मग म्हणायचे, "हनुवटी वर. आईकडे बघ."
आई सुपौलला असायची, नाहीतर माजलगावला.
पोरं बरोबर तिकडेच बघायची.

होल्डरवर काय लिहिलंय ते वाच.
सहाशे पन्नास म्हणजे सहाशे पन्नास.
भद्रकालीतला दुकानदार म्हणेल, "हजारचा बसतोय की, ताई."
बसतो.
बसणं वेगळं, सोसणं वेगळं;
ते दुकानात कळत नाही,
रात्री नऊला वायरीचा वास येतो तेव्हा कळतं.

आणि पिवळ्याशेजारी निळा लावायचा नाही.
माणसाचा अर्धा चेहरा दिवाळीत राहतो
आणि अर्धा सिव्हिल हॉस्पिटलात.

तुझे एलईडी गार असतात, कबूल.
पण स्वस्तातले आणू नकोस.
परवा पगारेंच्या सुनेचं कुंकू विटकरी आलं,
आणि तू कॅमेऱ्याला बोललास.

छत्री लांब. अजून लांब.
हा तपकिरी डाग दिसतो ना कापडावर?
मी चहा आणायला गेले होते, तेवढ्यातला आहे.
जाळी बसव. जाळीशिवाय दिवा लागणार नाही इथे.
एकदा बल्ब फुटला, नारळ आपटावा तसा,
आणि समोरचा जवान खुर्चीवरून थेट जमिनीवर, पालथा,
डोक्यावर हात.
काचा सगळ्या जाळीत.
तो उठला, हसला, टोपी शोधू लागला.
त्याचा फोटो मात्र नीट आला नाही,
डोळे काही केल्या थांबेनात.

माझा फुटला नव्हता.
एकोणीस वर्षांची होते, पहिला दिवस,
सरांची पाठ होती, आणि मला वाटलं
काच ती काच, घेतला उचलून.
तिसऱ्या दिवशी अंगठ्याच्या जागी फुगला,
दुधाळ झाला, विझला.
सर काही बोलले नाहीत. रुमालात गुंडाळला, गार झाल्यावर.
महिनाअखेर पगार पुरता मिळाला.
मी मोजला होता, दोनदा.

ते गेल्यावर खण आवरले.
फिल्मच्या पत्र्याच्या डबीत कापूस, कापसात तो,
आणि त्यांच्या तिरक्या अक्षरात चिठ्ठी:
कुंदा. १२ मार्च. रु. ३४०.

येणं म्हणून ठेवला होता
की दुसरं काही म्हणून, कोण सांगणार?
बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या,
"ते तर तुटकी बटणंसुद्धा ठेवायचे."

उजेडाकडे धर. दिसतंय?
रेषा मोजता येतात.
या स्टुडिओत इतक्या लोकांचे फोटो निघाले,
माझा हाच एक.

दे इकडे. रुमालात दे.
आता प्लग लाव. मागे सर, आणखी एक पाऊल.
पहिल्यांदा पेटताना
त्याच्याकडे बघायचं नसतं.