पाळी

मस्कतहून दीड तास. बिरकत अल मौज.
"नदीकाठचं जुनं गाव," उदयननं सांगितलं होतं,
म्हणून आप्पांनी डब्याच्या पिशवीत टॉवेल घातला,
धोतराचं एक जादा पान,
पाय घासायची वजरी.

नदी आली तेव्हा
तिच्यात सतरा गाड्या उभ्या होत्या.
गोटे. गोट्यांवर टायरांच्या खुणा.
मधोमध कण्हेर, गुलाबी, कुणी न लावलेली,
आणि एक खांब:
लाल पट्ट्यापर्यंत पाणी आलं तर ओलांडू नका.
मैत्रानं पट्ट्याला पाठ लावून उंची मोजली.
बुडण्याएवढी भरली.

"नदी कोठे शे?" आप्पा म्हणाले,
मला नाही, गोट्यांना.
मला उगाच वाटलं, मीच आटवली.

मातीची घरं डोंगरावर उतरंडीसारखी,
वरची फुटलेली. उदयन फोटो काढत राहिला.
कळण्याची भाकरी कुठं बसून खायची
ते काही ठरेना.

मग खजुरींखालून आवाज आला.
आप्पांचा आधी कान वळला, मग मान.
हातभर रुंद पाट, पुढे त्याचे तीन.
चप्पल काढून उकिडवे बसले,
तिन्ही तोंडं वितीनं मोजली.
सारखी.

बांधावर एक म्हातारा
चिंध्यांचा बोळा काढत होता. खल्फान.
त्यानं सूर्य दाखवला, रोवलेली काठी,
काठीची सावली, जमिनीवरच्या रेघा.
आप्पा म्हणाले, "बारी."
खल्फान म्हणाला, "अथर."
मी दुभाषी व्हायला पुढे झाले,
तर माझं काही काम नव्हतं.

एकोणतीस वर्षं पांझरेच्या फडावर पाटकरी.
रात्री कंदील घेऊन कुणाचं दार उघडायचं,
कुणाचं लावायचं.
सख्ख्या भावालाही घटका जास्त दिली नाही;
तो अजून बोलत नाही.
हे आप्पांनी हातवाऱ्यांनी सांगितलं, म्हणजे भाऊ,
म्हणजे पाणी, म्हणजे तोंडावर बोट.
खल्फान हसला. दोन बोटं वर केली:
त्याचे दोन.

सावली रेघेला टेकली तेव्हा
त्यानं ओला बोळा आप्पांच्या हातात दिला
आणि स्वतः मागे सरकला.

टॉवेल घडीतच राहिला.
अर्धी भाकरी, सगळा ठेचा खल्फानकडे.
अंधार पडता पडता
गोट्यांवरून गाडी काढताना
आप्पा मागच्या सीटवरून उदयनला म्हणाले,
"हळू. नदी शे."