नाकांचा हिशेब

तीस वर्षं झाली,
संध्याकाळच्या पेपरात, तिसऱ्या पानावर
हवामानाच्या वर माझी चौकट असते.
मोंतेविदेओत लोक आधी वारा बघतात,
मग वेळ उरला तर मला.

मी नाकापासून सुरुवात करतो.
नाक नीट बसलं की माणूस मागून आपोआप येतो:
टोपी, पोट, काखेत थर्मास,
हातात कडू येर्बाचा भोपळा.
कुठेही खुपसलेली नाकं, सतत मुरडलेली नाकं,
आणि कांदे सोलूनही
डोळ्यांत टिपूस न येणारी, ती तर ढिगाने.

मी चिमटे काढतो.
लोकांना गुदगुल्या होतात.

मार्चमध्ये एक चिक्कू काढला होता,
बिल आलं की मुतारीकडे पळणारा.
बेकरीवाल्या हिलारिओने तो कापून काचेवर चिकटवला:
'हुबेहूब माझा मेहुणा!'
संध्याकाळी मेहुणा आला,
डोळे पुसपुसून हसला आणि म्हणाला,
'अगदी आमचा हिलारिओ!'
मी गुपचूप पाव घेतला.
बंदरावरच्या कॅफेत, रुबेन पैसे देईपर्यंत
स्वच्छ हात अकरा मिनिटं धूत उभा होतो,
तो मी.

मंत्र्यांचंही तेच.
ज्यांची टर उडवली ते मूळ चित्र मागून घेतात,
दिवाणखान्यात टांगतात.
लाजून राजीनामा अजून कुणी दिलेला नाही.
एकाने फक्त विचारलं,
पोट जरा आत घेता येईल का?
घेतलं. नाताळात त्याच्याकडून वाइन आली.
चांगली होती.

आता दोन्या एतेल्विनाबद्दल.
ती चौथ्या मजल्यावर, मी दुसऱ्या.
लिफ्ट जूनपासून बंद.
शुक्रवारी ती बाजारातून येते, पिशवीत बटाटे,
प्रत्येक वळणावर थांबून श्वास मोजते.
मी बाहेर निघालेला असतो, अंगात कोट.
दाराआड उभा राहतो, भोकाला डोळा लावून,
ती वर जाईपर्यंत.
त्या शुक्रवारी घाईच होती,
समाजाच्या बेपर्वाईवरचं चित्र द्यायचं होतं.
शेडिंग सुरेख जमलं होतं.

मग एका बुधवारी विषयच सुचेना.
म्हटलं, चला, काढून टाकू:
बंद दार, त्यामागे टकलू,
कोट घातलेला,
भोकाला चिकटलेला एक डोळा.
नाक माझंच, आहे तेवढंच.
हात थोडा कापला, नाही असं नाही.

नेलिदाने चष्मा लावून पाहिलं.
'कोण हा?'
मी गप्प.
'जो कोण असेल तो,' ती म्हणाली,
'हनुवटी फार धीट काढलीस.'
मी रबर घेतला आणि हनुवटी खोडली.
चित्र सुधारलं, हे कबूल करायला हवं.

शुक्रवारी जिन्यात एतेल्विनाने गाठलंच.
पर्समधून घडी घातलेलं कात्रण काढलं.
'हा तिसऱ्या मजल्यावरचा ओलिवेरा ना?
अस्साच आहे मेला!
बरा पकडलात तुम्ही.'

मी हो म्हणालो.
मग तिच्या हातून पिशवी घेतली.
जड होती, मला वाटलं होतं त्याहून जड.
माझ्या दारापर्यंत नेली.
पुढे अजून दोन मजले होते,
पण मला चित्र पोचवायचं होतं.