हजार किलोमीटर झाले की

"माझी गाडी ओढील की," असं मी बोलून बसले
आणि टेबलाभोवतीच्या चौघी वल्हेकरणी एकदम गप्प झाल्या.
सेनगाने चहा ढवळणं थांबवलं.
"मुरियल, तुझ्या गाडीला मागे हूक आहे?"
नव्हता.
आमची बोट ओढणाऱ्या वॉलीची नजर गेली, त्याने जीप विकली,
आणि पोर्टसॉयची शर्यत तीन आठवड्यांवर.
असं हे मी ओढवून घेतलं.

गॅरेजवाला म्हणाला चारशे पौंड, तेही पुढच्या महिन्यात.
भाऊ म्हणाला, हे तुझं काम नव्हे.
तीस वर्षं तो हेच वाक्य वापरतोय,
आटे झिजलेत त्याचे.

खोका आला पोलंडहून. बावीस किलो.
काळा आडवा दांडा, हंसाच्या मानेसारखा एक वाकडा,
पिशवीभर बोल्ट,
आणि सूचनांचा कागद, ज्यातले मला
फक्त आकडे कळत होते.

शनिवारी दारासमोर जुना गालिचा अंथरून आडवी झाले.
बंपर निघाला, तशी गाडी
कवळी काढलेल्या माणसासारखी दिसू लागली,
ओशाळलेली.
आत अकरा वर्षांची वाळू,
आणि आइस्क्रीमचा एक निळा चमचा.
कुणाचा ते आठवलं.
खिशात टाकला.

डावीकडचा बोल्ट हटेना.
तेल पाजलं, शिव्या दिल्या,
पान्यावर उभी राहिले अख्ख्या चौसष्ट किलोंनी.
तेव्हा समोरचा लुडविक रस्ता ओलांडून आला,
मासळी कारखान्यातली पाळी संपवून,
हाताला हॅडकचा वास, जो साबणाला जुमानत नाही.
मला वाटलं पाना मागेल.
त्याने कागद मागितला.

तो वाचायचा, आणि त्याची यागोदा, वय नऊ,
कुंपणावर पाय हलवत सांगायची,
अस्सल फ्रेझरबराच्या हेलात:
"आधी सगळे हाताने. मग पाना."
"पंच्याण्णव न्यूटन मीटर. न्यूटन मीटर म्हणजे काय?"
आम्हा दोघांनाही नीट सांगता आलं नाही.
पाना 'कट्' म्हणाला. तेवढं तिघांना कळलं.

वायरी सात.
पिवळी डावं वळण, हिरवी उजवं, तांबडी ब्रेक,
पांढरी कुठल्याच दिव्याची नाही,
ती सगळ्यांची परतीची वाट.
तीच मी रंगावर आवळली होती.
ब्रेक दाबला की ट्रेलरचे सगळे दिवे मिणमिणत,
जेवणाच्या टेबलावर सगळेच एकदम बोलावेत
आणि कुणाचंच धड ऐकू येऊ नये, तसे.
लुडविकने खिशातलं नाणं काढलं,
बोल्टखालचा रंग खरवडला,
खालचं लोखंड चकचकेपर्यंत.
मग तांबडा तांबडाच लागला.

दहा वाजले तरी आमच्याकडे जूनमध्ये उजेड असतो.
कागदावर शेवटची ओळ उरली होती.
लुडविकने वाचली, थांबला, पुन्हा वाचली.
"हजार किलोमीटर झाले की
सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे," यागोदा म्हणाली.
मग तो काहीतरी बोलला, जे कागदावर नव्हतं.
"काय म्हणतोय बाबा?"
"काही नाही. म्हणतो, आम्ही दोन हजार चारशे आलो."
मी हात पुसले, बराच वेळ पुसत राहिले,
मग किटली ठेवायला आत गेले.

सोमवारी डिकी उघडताना नडगी त्या गोळ्यावर आपटली.
आधी निळी, मग जांभळी, आता पिवळसर.
टेनिसचा चेंडू चिरून त्याला टोपी घातली.

शर्यतीत आम्ही शेवटून दुसऱ्या.
पण जाताना बॅन्फच्या उतारावर
आरशात आमची बोट माझ्या मागून येत होती,
जमिनीवर जराशी बिचकत,
आणि वळणाआधी तिचा दिवा
माझ्याबरोबरच लुकलुकला.

सत्त्याण्णव किलोमीटर झालेत.
नऊशे तीन बाकी.
पाना त्याच्याकडे आहे, कागद माझ्याकडे.